पोरगी अजून कच्ची हाय

आमच्या जगदेवीबद्दल दुसरं कुणी वाकडं बोललं की माझं डोस्कं फिरतंय. मी स्वतः बोलले की फिरत न्हाई. ती माझी भावजय. शिवशरण माझा धाकटा भाऊ, आन माझं सासरबी ह्याच गावात, त्यांच्या घराला भिंत लागून. म्हणजे तिची भांडणं, तिच्या फोडणीचा वास, तिचं पोरींवर वरडणं, सगळं आधी माझ्या घरात येतंय आन मग गावात जातंय. खजुरीहून आत वळलं की आमचं गाव, कर्नाटकाच्या हद्दीत. हितं कन्नडवाल्याला मराठी येतंय, मराठीवाल्याला कन्नड, आन भांडायला दोन्ही लागतेत.

जगदेवी लगीन होऊन आली ती उदगीरला डी.एड. करून. पोरगी मास्तरीण व्हावी ही तिच्या बापाची हौस. मराठीतनं शिकली, वरच्या नंबरानं पास झाली, आन मग त्याच बापानं तिला दिली सीमेच्या अलीकडं. आता सांगा. हितं नोकरी मागायला गेली तर म्हणले, बाई, तुमचं शिक्षण तिकडचं. तिकडं गेली तर म्हणले, तुमचं राहणं पलीकडचं. आमच्या भागात असं कितीक जणींचं झालंय. सोयरीक जुळवताना आम्ही जात बघतो, पाणी बघतो, जमीन बघतो, सीमा कुणाच्याच ध्यानात येत न्हाई.

दुसरी कुणी असती तर चार दिस रडली असती आन गप बसली असती. ही गप बसणाऱ्यातली न्हाई. उठल्यापासनं तिचे हात वळवळतेत. मांडलेली भांडी परत मांडती, झाडलेलं अंगण परत झाडती. शिकवायला कुणी न्हाई म्हणून मला शिकवायची. "अक्का, भेंडी अशी न्हाई चिरायची." मी म्हणायची, "बाई, तू पाळण्यात होतीस तवापासनं चिरायलेय मी." तिला ते ऐकूच यायचं न्हाई.

मग दोन पोरी झाल्या, पवित्रा आन विजयश्री. त्या गावच्या शाळेत जायच्या, आन जगदेवी दारात उभी राहून त्यांच्या वाटंकडं बघायची. मला वाटायचं, पोरींची काळजी. आता वाटतंय, तिला शाळेचा हेवा वाटायचा.

कोरोना आला आन शाळा बंद पडल्या. पवित्रा तवा सहावीला होती, विजयश्री नुकती अक्षरं गिरवायली होती. सगळ्या गावाला घोर लागला. जगदेवीच्या तोंडावर मात्र मी पहिल्यांदा तेज बघितलं. पडवीतली खताची पोती तिनं शिवशरणला हलवायला लावली, भिंतीला काळा रंग दिला, आन आढ्याला नांगराचा जुना फाळ टांगला. फाळ वाजला की तास सुरू. दोन पोरी आन एक मास्तरीण, त्यांना घंटा कशाला पायजे म्हणून मी इचारलं. ती म्हणली, "अक्का, घंटेबिगर शाळा आसती का?"

पुढं शाळा उघडल्या. गावातली सगळी लेकरं परत गेली. हिच्या पोरी गेल्या न्हाईत. शिवशरण म्हणला, "पाठव की आता." ही म्हणली, "तिथं एक मास्तर आन सात वर्ग. हितं दोन पोरी आन एक मास्तरीण. तूच हिशोब कर." माझ्या भावाचं असं हाय, उत्तर सापडलं न्हाई की तो शेतात जातो. तो गेला. आन पोरींचं नाव मुक्त शाळेत लागलं, घरी शिकायचं आन परीक्षेला तेवढं गुलबर्ग्याला जायचं.

अर्धा दिवस पुस्तक, अर्धा दिवस घर, असा तिचा नेम. "पुस्तक कुणीबी शिकवंल," म्हणायची, "घर कोण शिकवणार?" आन खोटं कशाला बोलू, शिकवायची झकास. सकाळी आंघोळ, लिंगपूजा, मग फाळ. पहिला तास चुलीपाशी. ज्वारीचं पीठ जुनं झालं की त्याची विरी जाती, चिकटपणा उतरतो, थापताना भाकरीला चिरा पडतेत, हे आमच्या आयांनी आम्हाला पाठीत धपाटा घालून शिकवलं. हिनं कारण सांगून शिकवलं. ताजं पीठ, जुनं पीठ, दोन परातीत. गार पाण्यात मळून बघा, उकळत्या पाण्यात मळून बघा. का झालं? कशानं झालं? डाळ भिजवली की किती फुगती त्यावरनं अपूर्णांक. गोधडीचे तुकडे जोडताना त्रिकोण. ताक आंबतंय कामून, हे ती असं सांगायची की मी भिंतीपलीकडं हातातलं काम ठेवून ऐकायची.

पण एक खोड होती बाईची. पास करायची न्हाई.

पवित्रा तेरा वर्षांची असंल. पोरीनं भाकरी केली, अशी टम्म फुगली, पापुद्रा सुटा. मी तीन खाल्ल्या, वर शेंगाची चटणी. जगदेवीनं एक उचलली, उलटी केली, कडेनं बोट फिरवलं. "कडंला जाड हाय. अजून कच्ची हाय." भाकरीला न्हाई, पोरीला म्हणायची. वरण केलं तर वरणावरनं कच्ची, शिलाई केली तर शिलाईवरनं कच्ची. पोरगी मान खाली घालून परत पीठ घ्यायची.

"अगं, एकदा तरी छान म्हण की," मी म्हणलं. "तोंडाला काय कुलूप लागतंय का?"

"छान म्हणलं की हात ढिला पडतो, अक्का."

"तुला कुणी म्हणलं न्हाई म्हणून तू कुणाला म्हणणार न्हाईस व्हय?"

तवा तिनं माझ्याकडं असं बघितलं की मी पदर सावरून घरी आले. पण मला राग आला होता आन तो बरेच दिस गेला न्हाई.

पवित्राला काय पायजे होतं ते तिनं मला सांगितलं, आईला न्हाई. आमच्याकडं आईला अव्वा म्हणतेत. म्हणली, "आत्या, दहावी झाली की मला गुलबर्ग्याच्या कॉलेजात जायचंय. हॉस्टेलात राहून."

"काय व्हायचंय तुला?"

"ते नंतर बघू. आधी वर्गात बसायचंय. मागच्या बाकावर. लई पोरी असतेत तिथं, मास्तरचं लक्ष एकीवर ऱ्हात न्हाई."

मला आधी हसू आलं. पोरगी सोळाची झाली आन तिला मैत्रीण म्हणून कोण, तर मी, गुडघे दुखणारी आत्या. मी म्हणलं, "जाशील गं. मी बघते." बघते म्हणायला काय जातंय. तवापासनं मलाच चैन पडंना.

त्या वर्षी वेळ अमावस्येला जगदेवीनं ठरवलं, सगळा स्वयंपाक पवित्रा करणार. आमच्याकडं ह्या दिवशी गावात चूल पेटत न्हाई म्हणा ना, सगळी माणसं शेतात. ज्वारीच्या कडब्याची खोप करायची, आत पूजा मांडायची, आन शेतातच जेवायचं. हरभरा, तूर, वाल, शेतात जे हिरवं असंल ते घालून भज्जी. बाजरीची भाकरी. आन आदल्या दिवशी ज्वारीचं पीठ शिजवून, ताकात कालवून, लसूण ठेचून घातलेली आंबील. आंबील साधली म्हणजे सगळं साधलं. फार आंबली तर दात आंबतेत, कमी आंबली तर नुसती पेज. पवित्रा दिवसभर त्या मडक्याभोवती घिरट्या घालायली. झाकण काढायची, वास घ्यायची, परत झाकायची. विजयश्री बहिणीला म्हणली, "अक्का, ते काय पळून जायलंय व्हय?"

वेळ अमावस्येची रीत अशी, वाटेनं जाणाऱ्याला हात धरून शेतात न्यायचं आन जेवू घालायचं. शिवशरणनं वाटेवर बसवकल्याणचे मडिवाळप्पा दिसले तसे त्यांना धरून आणलं, सोबत त्यांची बायको. लांबून वळखीचे, आपल्यातलेच. माणसं भली. खोपीपुढं पंगत बसली. मडिवाळप्पाच्या बायकोनं आंबील पिली, परत मागितली, आन इचारलं, "कुणाच्या हातची हो ही?"

शिवशरणची छाती फुगली. "आमच्या पवित्राची. सगळं तिनंच केलंय."

तिथंच चुकला माझा भाऊ. आमच्या मुलखात पोरीच्या हातची आंबील वाखाणली की पुढचा प्रश्न तिच्या वयाचा येतो. आलाच. मग त्यांच्या पोराचं, महेशकुमारचं निघालं, औषधाचं दुकान हाय, पोरगा निर्व्यसनी हाय. लगीन आत्ता न्हाई, अठरा झाल्यावर करू, पण बोलून तरी ठेवू. पवित्रा वाढायली होती, तिची पळी भज्जीच्या पातेल्यात तशीच ऱ्हायली. शिवशरण खाली बघून हसायला. मी जगदेवीकडं बघायले.

"न्हाई," जगदेवी म्हणली. "पोरगी अजून कच्ची हाय. तिचं शिक्षण पुरं व्हायचंय."

कच्ची म्हणल्याचा पवित्राला आनंद झालेला मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितला. पंगत उठल्यावर ती माझ्या कानात म्हणली, "आत्या, अव्वा मला कॉलेजला पाठवणार." मलाबी तसंच वाटलं. दुसरं काय वाटणार.

पोरगी परीक्षा देऊन आली आन चांगली पास झाली. मी आळंदहून पेढे मागवले, कारण जगदेवी मागवणार न्हाई हे मला ठाऊक होतं. तिनं पेढा तोंडात टाकला आन म्हणली, "गणितात अजून मार्क पडायला पायजे होते." कॉलेजाचं एका शब्दानं काढलं न्हाई.

पवित्रानंच काढलं. जगदेवी म्हणली, "आधी यंदाचं लोणचं तुझ्या हातानं घाल. मग बघू." पोरीनं कैऱ्या फोडल्या, लोणचं घातलं. मग निघाल्या शेवया. तुझ्या हाताची शेवई तुटती, म्हणली, ती न तुटता आली की बघू. शेवया झाल्या. मग बाळंतिणीचे लाडू. अहो, सोळा वर्षांच्या पोरीला बाळंतिणीचे लाडू. मी भिंतीपलीकडनं ऐकायची आन माझ्या घरात येरझाऱ्या घालायची. गावातल्या दुसऱ्या पोरी पेट्या घेऊन एसटीत बसायल्या होत्या. त्यांची बस आमच्या दारावरनं जायची तवा पवित्रा हातातलं काम थांबवायची न्हाई, पण तिचा हात जोरात चालायचा.

ॲडमिशनचे दिवस सरायले. मी न राहवून गेलेच. "जगदेवे, तिला पाठवायलीस का न्हाई? सरळ सांग."

"तिथं तिच्याकडं कोण बघणार अक्का? आजारी पडली तर? अजून तिला..."

"कच्ची हाय म्हणू नकोस माझ्यापुढं. तिच्या हातचं खाऊन माझं वजन वाढलंय."

ती ताटं पुसायली होती, पुसलेलीच परत पुसायली. मग म्हणली, "ती गेली की विजू एकटी ऱ्हाती. एका पोरीची कसली शाळा?"

मला तिचा इतका राग आला आन इतकी दयाबी आली, की तिच्या हातातलं ताट काढून घेतलं आन फळीवर ठेवलं. मग घरी आले.

त्याच आठवड्यात मडिवाळप्पा परत आले, बायकोला घेऊन. शिवशरणनंच निरोप धाडला असणार. त्याला वाटलं, पोरगी घरीच बसायची तर चांगलं स्थळ कामून सोडा. मलाबी बोलावलं होतं. पवित्रा चहा घेऊन आली. मडिवाळप्पा म्हणले, "मग काय ठरलं तुमचं?"

जगदेवीनं तोंड उघडलं. "पोरगी अजून..."

"मला चालतंय," पवित्रा म्हणली.

कुणाला काही समजंना. तिनं ट्रे खाली ठेवला आन परत म्हणली, हळूच, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं, "तुमच्या घरी यायला मला चालतंय." मडिवाळप्पाच्या बायकोचं तोंड फुललं. शिवशरण माझ्याकडं बघायला, जसं काय मी शिकवून ठेवलंय. जगदेवी उठली आन पोरीला दंडाला धरून आत घेऊन गेली. मीबी मागोमाग गेले. मला कुणी बोलावलं न्हाई, पण असल्या वेळेला मी बोलावण्याची वाट बघत न्हाई.

"काय बोललीस तू?" जगदेवीनं इचारलं. "तुला कॉलेजला जायचं होतं ना? मला काय कळत न्हाई व्हय?"

"कळतंय ना तुला? मग?"

"मग हे काय काढलंस? दुसऱ्याच्या घरात राबायचंय तुला? तिथं चुकलं की बोलतील, ठाऊक हाय?"

"बोलतील," पवित्रा म्हणली. ती रडायली न्हाई, त्याचंच मला भ्या वाटलं. "चार वेळा बोलतील, अव्वा. मग एक दिस म्हणतील, चला, आलं हिला आता. तू म्हणणार हायेस का कवा? मला सांग, म्हणणार असशील तर मी थांबते. शेवया करते, लाडू करते, तू सांगशील ते करते. कवा म्हणणार तेवढं सांग."

तिच्या शाळेत तिला प्रश्न इचारायची आजवर कुणाची टाप नव्हती. ती चुलीकडं बघायली, फळीवरच्या डब्यांकडं बघायली, एकदा माझ्याकडंबी. मी तोंड फिरवलं. मी का सांगू?

मग ती बाहेर गेली. मडिवाळप्पापुढं हात जोडून म्हणली, "काका, तुमचं घर चांगलं हाय. पण पोरगी उद्या गुलबर्ग्याला चालली, कॉलेजात. तिचं मी आत्ता बोलून ठेवत न्हाई. कुणाशीच न्हाई." शिवशरण काहीतरी म्हणायला गेला. ही त्याच्याकडं बघून म्हणली, "तू उद्या शेतात जा." मडिवाळप्पा समजूतदार माणूस, चहा पिऊन उठले. त्यांच्या बायकोला वाईट वाटलं, ते मला दिसलं, आन मला तिचंबी वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघी एसटीत. निघताना विजयश्री दारात उभी होती. आईला इचारायली, "आता सगळे तास मला एकटीलाच का?" जगदेवीनं तिच्या डोक्यावरनं हात फिरवला आन पिशव्या उचलल्या. आख्ख्या वाटेत ती पिशव्या मांडीवरनं खाली, खालनं मांडीवर करायली. एकीत धपाटे, एकीत चटणी, लोणचं, तिळाच्या पोळ्या. मी म्हणलं, "बाई, पोरगी कॉलेजला चालली का दुष्काळात?" पवित्रा खिडकीला डोकं लावून बसली होती. ती हसली, आई हसली न्हाई.

ॲडमिशनचं काम दुपारपर्यंत झालं. हॉस्टेलच्या फाटकापाशी पोरींचा गोंगाट चाललेला, कन्नड, मराठी, उर्दू, सगळं एकात एक. पवित्राचं लक्ष आतच. जगदेवी एकेक पिशवी तिच्या हातात द्यायली आन प्रत्येकीसोबत एक सूचना. मग म्हणली, "मेसमधली भाकरी कसली असती कुणाला ठाऊक. कच्ची असंल तर खाऊ नकोस, पोट बिघडतंय."

"कसली का असंना, अव्वा," पवित्रा म्हणली. "मी केलेली तर नसंल."

तिनं ते रागानं म्हणलं असतं तर बरं झालं असतं. ती खुशीत म्हणली. वाकून आईच्या पाया पडली, माझ्या पडली, आन पिशव्या घेऊन आत गेली. आतली एक पोरगी तिच्या हातातली एक पिशवी घेताना मला दिसली. मागं वळून बघंल म्हणून आम्ही दोघी थांबलो. ती बोलत बोलत जिन्यावरनं वर गेली.

परतीच्या बशीत गर्दी होती, पण जागा मिळाली. आळंद जवळ आलं. जगदेवी म्हणली, "अक्का, मी तिला चांगलं शिकवलं का वाईट?"

माझा सगळा राग परत वर आला. म्हणलं, "मला कामून इचारायलीस? तिला इचार. इतकी वर्षं तू तिला प्रश्न इचारलेस, हा एक इचारला न्हाईस."

माझं मला वाईट वाटलं, पण बोललेलं परत घेता येत न्हाई. तिनं पदराखालनं फोन काढला आन लावला. मला वाटलं होतं ती लावणार न्हाई. रिंग वाजत ऱ्हायली, मला सुदिक ऐकू यायली होती. पवित्रानं उचलला न्हाई. हिनं परत लावला. तवाबी न्हाई. फोन तसाच कानाला धरून ती माझ्याकडं बघायली.

"जेवायला बसली असंल," मी म्हणलं.